राजापूरची तांबडी जमीन मंगळवेढ्याच्या नजरेने पाहू नका

मंगळवेढ्याच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: ‘राजापूर तालुक्यात चार एकर जमीन घेतली. तिकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे पाचशे-साडेपाचशे. एवढं पाणी असून तिथले लोक आंबा-काजूच्या पलीकडे का जात नाहीत? आम्ही डाळिंब किंवा ऊस लावला तर? माती सोलापुरात तपासून घेतली. सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, pH) ५.६ आणि स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी आलं. चुना टाकावा का? आणि मे महिन्यात बघायला गेलो तेव्हा शेजारची विहीर कोरडी कशी होती?’

मी सोलापुरात माती-पाण्याचं काम करतो. त्याआधीची अकरा वर्षं लांजा-राजापूर पट्ट्यात काढली आहेत. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या कोरड्या विहिरीतच बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आधी हिशेब मांडू. एक एकरावर ३००० मिमी पाऊस म्हणजे १ कोटी २१ लाख लिटर पाणी. तुमच्या चार एकरांवर वर्षाला पाच कोटी लिटरच्या जवळपास पडतं. आता तिथली माती किती खोल आहे ते बघा. डोंगरउतारावर बहुतेक ठिकाणी फूटभर माती आणि खाली जांभा दगड. अशा फूटभर मातीत पिकाला वापरता येईल असं पाणी ३०-४० मिमीच राहतं. म्हणजे पाच कोटीतलं जेमतेम पाच-सहा लाख लिटर मुळांपाशी थांबतं, बाकीचं वाहून जातं नाहीतर जांभ्यातून खाली झिरपतं. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात संपला आणि झाडानं दिवसाला चार-पाच मिमी ओढलं, की आठ-दहा दिवसांत ती फूटभर माती रिकामी होते.

याउलट तुमची मंगळवेढ्याची काळी. मीटरभर खोल काळ्या मातीत २०० मिमीच्या आसपास वापरण्याजोगं पाणी साठतं. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे पावसाचा एक थेंबही न पडता कणसाला येते ती याच साठ्यावर. पाऊस किती पडतो हे विचारायची आपल्याला सवय आहे. जमीन त्यातला किती धरते हे विचारायची वेळ आपल्यावर येत नाही, कारण आपली काळी माती ते काम न सांगता करते. राजापुरात हा प्रश्न पहिला विचारावा लागतो.

गंमत म्हणजे दोन्हीकडचा मूळ दगड एकच आहे. सोलापूरच्या खाली जो काळा पाषाण आहे, तोच दख्खनचा लाव्हा रत्नागिरीच्या बहुतेक भागाखाली आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अक्षांशही जवळपास तोच. सोलापुरातून नकाशावर सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती चिपळूण-गुहागरच्या आसपास समुद्राला लागते. सूर्य तोच, दगड तोच, तरी एकीकडे काळी माती झाली आणि दुसरीकडे तांबडी. हा सगळा फरक मधल्या सह्याद्रीनं घडवला.

रत्नागिरीहून सोलापूरला येणारा रस्ता तुम्हाला माहीत असेल. पाली, साखरपा, मग आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा. जुलैत एकदा या रस्त्यानं दिवसा या आणि खिडकीबाहेर बघत राहा. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा घाटाला आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिता होतो. आंबा घाटात ढग रस्त्यावर उतरलेले असतात, गाडीचे दिवे लावावे लागतात. घाटमाथा ओलांडून तोच वारा खाली उतरायला लागला की तापतो आणि कोरडा होतो. कोल्हापुरात पाऊस हजार मिमीच्या आसपास, मिरजेत सहाशेच्या घरात, सांगोल्यात पाचशेच्या आतबाहेर. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर्षाचा नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस पडून जातो आणि जुलै सगळ्यात जोराचा असतो. आपल्याकडे भरवशाचा महिना सप्टेंबर. म्हणून आपण रब्बीवाले झालो आणि कोकण खरिपाचं राहिलं.

आता हे पाणी दगडाचं काय करतं ते बघा. काळ्या पाषाणात चुना, मॅग्नेशियम, सिलिका, लोह, ॲल्युमिनियम हे सगळं असतं. आपल्याकडे पाऊस बेताचा, त्यामुळे सुटलेला चुना तिथेच राहतो. शेतात विहीर खणताना चुनखडीचे पांढरे खडे निघतात, ते हेच. चुना-मॅग्नेशियम टिकून राहिल्यामुळे फुगणारी चिकणमाती तयार होते, जी ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कोकणात लाखो वर्षं चार महिने धो-धो धुणं आणि आठ महिने वाळणं असं चक्र चाललं आहे. चुना गेला, मॅग्नेशियम गेलं, बरीचशी सिलिकासुद्धा गेली. जे सहज विरघळत नाही ते लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोह गंजलं म्हणून माती तांबडी. तेच घट्ट होऊन जांभा झाला. या दगडाला ‘लॅटेराइट’ हे शास्त्रीय नाव दिलं ते फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली, केरळातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून. त्यांनी लॅटिनमधला वीट या अर्थाचा शब्द घेतला, कारण ओला असताना तो हत्यारानं सहज कापता येतो आणि हवेत उघडा पडला की कडक होतो. कोकणातल्या चिरेखाणीत आजही तेच बघायला मिळतं.

घरी एक गोष्ट करून बघा. मंगळवेढ्याच्या शेतातली मूठभर माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पुढे ढकला. फितीसारखी पट्टी निघेल, दोन-तीन इंच लांब, तुटणार नाही. आता राजापूरची माती तशीच घ्या. पट्टी धरत नाही, अर्ध्या इंचात तुटते, मधे मधे बाजरीच्या दाण्याएवढे कडक लोहाचे खडे बोटांना लागतात आणि हात धुतल्यावरही रेषांमध्ये तांबडा रंग राहतो. ही माती अन्नद्रव्यंही तशीच सैल धरते. आपल्याकडे एकदम टाकलेलं खत चिकणमातीला चिकटून राहतं. तिथे जूनमध्ये युरियाचं पोतं एका हप्त्यात टाकलं, तर जुलैच्या मध्यापर्यंत त्यातला मोठा भाग ओढ्यातून खाडीला लागलेला असतो.

आता विहीर. जांभा वरून कितीही कडक दिसला तरी आतून पोकळ, भोकाभोकांचा असतो. पाणी त्यातून भराभर खाली उतरतं. खाली बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळ्या चिकट मातीचा थर असतो, तिथे ते अडतं आणि त्या थरावरून आडवं चालू लागतं. सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळाच्या, कडेला जिथे हा थर उघडा पडतो तिथे झरे फुटतात. ऑगस्टात हे झरे खळाळत असतात, दिवाळीपर्यंत बरे चालतात, जानेवारीत बारीक होतात आणि एप्रिलमध्ये बरेचसे बंद. तुमच्या शेजाऱ्यांची विहीर सड्यावर किंवा वरच्या उतारावर असणार. तिच्या पोटातलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीला मिळून गेलेलं असतं. म्हणून विहीर घ्यायचीच तर जमिनीच्या सगळ्यात खालच्या अंगाला घ्या, जुने झरे कुठे फुटतात ते गावातल्या वयस्कर माणसांना विचारून. नद्यांचंही तसंच आहे. अर्जुना नदी सह्याद्रीतून निघते आणि साठ-सत्तर किलोमीटरच्या आत खाडीला मिळते. आपली भीमा ८६१ किलोमीटर चालते आणि वाटेत उजनी तिला अडवून धरते. कोकणच्या नदीला तेवढा अवधीच नाही.

तुमची जमीन खाडीजवळ असेल तर एक इशारा. खाडीकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर तिच्या खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उलटा हिशेबही तितकाच खरा. वरची पातळी उपसून एक मीटरनं खाली नेली की खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं. सोलापुरात बोअरला पाणी लागलं नाही की आपण आणखी खोल जातो. खाडीकाठी तीच सवय विहिरीचा घात करते, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात.

तुमचं चार एकर म्हणजे नेमकं काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोकणात याच्याशिवाय काहीच सांगता येत नाही. आपल्याकडे शेजारी-शेजारी दोन गट साधारण सारखेच असतात. तिथे शंभर पावलांत जमीन चार वेळा बदलते. माथ्यावर सडा किंवा कातळ, जिथे माती बोटभरच. त्याखाली उतारावर वरकस, जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची. त्याखाली पायऱ्यांची भातखाचरं, जिथे वरून वाहून आलेली बारीक माती साठलेली असते, कोकणातली सगळ्यात बरी माती तीच. आणि खाडीला लागून खार जमीन, जिथे बांध फुटला की भरतीचं पाणी आत शिरतं. काही गावांत समुद्रालगत पुळणीवर नारळ-सुपारीची आगरं असतात, तो आणखी वेगळा प्रकार. सातबाऱ्यावर यातलं काही दिसत नाही.

भातखाचर मिळालं असेल तर सामू ५.६ ची चिंता सोडून द्या. खाचरात पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलतं आणि काही आठवड्यांत सामू आपोआप वर सरकून साडेसहाच्या पुढे जातो. लोहानं धरून ठेवलेलं स्फुरदही त्याच वेळी थोडं सुटतं. म्हणूनच या मातीत भात पिढ्यान् पिढ्या आला. नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, चार रोपांच्या मध्ये चिखलात खोचतात, तीच पद्धत धरा, म्हणजे खत वाहून जात नाही. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, कुळीथ घ्या. रब्बीची जाण तुम्हाला आहेच, इथे ती थोडीफार उपयोगी पडेल.

वरकस उतार असेल तर काजू. काजूला ५.६ सामू चांगला मानवतो, चुना टाकायची गरज नाही. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती तिथल्याच संशोधनातून आलेल्या आहेत. कलमं सात ते आठ मीटरवर लावा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करतं आहे, तिथून कलमं आणि सल्ला दोन्ही घ्या.

आणि सडा असेल तर हापूस. हे ऐकून सोलापूरचा माणूस चक्रावतो, की बोटभर मातीवर आंबा कसा? रत्नागिरी-देवगडकडे कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती आणून भरली आणि त्यात बागा उभ्या केल्या. त्यामागे एक कारण आहे. हापूसला मोहोर यायला पावसाळ्यानंतर पाण्याची तोड आणि थोडी थंडी लागते. खोल, ओल धरणाऱ्या मातीत झाड पालवीवर पालवी काढत राहतं आणि मोहोर हुकतो. कातळावर ऑक्टोबरातच ओल संपते, झाड थांबतं आणि थंडी पडली की मोहोरतं. जी उणीव म्हणून आपण नाक मुरडतो, तिचाच हापूसला फायदा होतो. मात्र पहिली तीन-चार वर्षं कलमाला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. त्यासाठी सड्यावर प्लास्टिक अंथरलेली छोटी जलकुंडं करा आणि आळ्यात गवताचं जाड आच्छादन ठेवा. अस्तराशिवाय शेततळं करू नका, जांभा ते पिऊन टाकतो.

सड्यावर जेसीबी चढवण्याआधी एक मोकळा दिवस काढून कातळ चालून बघा. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर माणसं, हत्ती, मासे कोरलेली प्राचीन कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही नावं तुम्ही ऐकली असतील. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गवताखाली रेषा दिसल्या तर मशीन थांबवा आणि गावात सांगा. कातळ तासून झाल्यावर ती शिल्पं परत आणता येत नाहीत.

डाळिंब लावू नका. डाळिंबाला कोरडी हवा हवी. सोलापुरात एखादा पावसाळा लांबला तरी तेलकट डाग हा रोग कसा पसरतो हे तुम्ही पाहिलं आहे. राजापुरात चार महिने पानं वाळतच नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा समुद्रावरून रोज दुपारी दमट वारा येतो. तोच वारा तिथला पारा मे महिन्यात ३३-३४ अंशांवर धरून ठेवतो, तेव्हा आपल्याकडे ४२ झालेले असतात. हवा माणसाला कमी भाजते, पण बुरशी आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. उसाचंही तेच. उसाला बारमाही ओल हवी, आणि ती नेमकी फेब्रुवारी ते मे या काळात तिथे नाही. पावसाळ्यात मुळं पाण्यात, उन्हाळ्यात कोरडी. शिवाय तोडलेला ऊस घाट चढवून कुठे नेणार?

तुमच्या माती अहवालाबद्दल. स्फुरद अगदी कमी आलं, पण ते कोणत्या पद्धतीनं काढलं ते बघा. सोलापूरकडच्या प्रयोगशाळा चुनखडीच्या मातीसाठीची ओल्सेन पद्धत वापरतात आणि आपल्या मातीला ती बरोबर आहे. आम्ल मातीला ब्रे पद्धत लागते. चुकीच्या पद्धतीनं आलेल्या आकड्यावर खताचा खर्च करू नका. स्फुरद द्यायचंच झालं तर तिथे रॉक फॉस्फेट चालतं, कारण आम्ल माती ते हळूहळू विरघळवते. आपल्या चुनखडीच्या रानात तेच खत दगडासारखं पडून राहतं. चोपण (सोडियम साठून घट्ट झालेली) जमीन सुधारायला आपण टाकतो ते जिप्सम मात्र तिकडे नेऊ नका, त्या मातीला ते दुखणंच नाही. पालाश (पोटॅश) आपल्याकडे भरपूर असतं म्हणून आपण ते विसरतो. तिथे ते दरवर्षी द्या, तेही दोन-तीन हप्त्यांत. सेंद्रिय कर्बाचा आकडा आपल्यापेक्षा चांगला दिसेल, त्यावर खूश होऊन गवत जाळू नका. त्या सैल मातीत अन्नद्रव्यं धरून ठेवायचं बरंचसं काम हा कर्बच करतो.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत लांज्याजवळच्या एका उतारावर मी आपल्याकडच्या बंदिस्त वाफ्यांसारखे आडवे मातीचे बांध घालून घेतले, सांडवा (जादा पाणी निघून जायची वाट) न ठेवता. सोलापुरात पाणी अडवणं म्हणजे पुण्यकर्म. जुलैत दोन दिवस सलग पाऊस झाला. वरचा बांध भरून फुटला, त्यानं खालचा फोडला आणि सकाळी गेलो तर दोनशे काजूची कलमं मातीसकट खालच्या व्हाळात (ओढ्यात) होती. त्या शेतकऱ्याच्या आईनं एक वाक्यही बोललं नाही, नुसती वाहून आलेली रोपं एकेक उचलून धुऊन सावलीत ठेवत राहिली. तेव्हापासून कोकणात मी आधी पाण्याला वाट काढून देतो आणि मग त्यातलं थोडं थांबवतो. प्रत्येक कलमाभोवती वरच्या बाजूला उघडा अर्धचंद्र, समतल चर तुटक-तुटक, आणि मोठ्या पाण्याला दगड लावलेला रुंद सांडवा. उतार सरळ सपाट करायचा मोह टाळा. जेसीबी वरचा फूटभर थर ओढून खाली टाकतो आणि हातात नुसता जांभा राहतो. ती माती परत तयार होताना तुम्ही-मी बघणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यात काही लावू नका. जुलैत आठवडाभर जाऊन राहा, पावसात चार एकर फिरा. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठून निसटतं तिथे तिथे खुंट्या ठोका. दिवाळीनंतर आणि परत एप्रिलमध्ये त्याच खुंट्यांपाशी फूटभर खणून ओल बघा. नमुने पुन्हा द्याल तेव्हा सडा, वरकस आणि खाचर यांच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. मागच्या वेळी चारही एकरांची माती तुम्ही एकाच पिशवीत कालवली असेल, तर तो ५.६ आकडा कुठल्याच जमिनीचा नाही. प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा: ‘आम्ल माती, स्फुरद ब्रे पद्धतीने’.